होडीचं किट नेण्याआधी हे वाचून घ्या, दोस्तांनाही वाचायला द्या

नागपुरात समुद्र नाही, मग शिडाची होडी काहून बनवता, हे आम्हाला लकडगंजातल्या लाकूडवाल्यांपासून घरच्यांपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय, तेवढं सोडून बाकी काहीही विचारा.

आमच्या किटमध्ये आठ फुटी होडीचे कापून ठेवलेले ६ मिमी मरीन प्लायचे (पाण्यात टिकणाऱ्या प्लायवुडचे) भाग, तांब्याची तार, इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर असे दोन भाग कालवून बनणारा पक्का गोंद), फायबरग्लासची पट्टी, डोलकाठी आणि शीड असतं. प्लायच्या कडांना भोकं पाडायची, तारेनं टाके घालायचे, सांध्यात इपॉक्सी भरायचं, ते कडक झालं की तार कापून काढायची, झालं. इंग्लंडात १९६३ ला मिरर नावाची छोटी होडी आली ती अशीच जोडायची होती, ७० हजारांच्या वर बनल्या, आणि त्यातल्या कितीतरी सुतारकाम न येणाऱ्या लोकांनी घरीच बनवल्या. प्लाय बाहेरून घेणार असाल तर छाप आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, पहा. आयएस ३०३ वालं किचनच्या कपाटाला ठीक आहे, होडीला नाही.

आता मुद्द्याचं. घासकाम, रंगकाम एकट्यानं होते, पण टाके घालायचा, इपॉक्सीचा आणि होडी पलटवायचा असे तीन दिवस माणसं लागतातच. टाक्यांच्या दिवशी दोघं फळ्या धरून उभे, तिसरा पक्कडीनं तार पिळतो, आणि एकाच बाजूनं पिळत गेलं की होडी जिलबीसारखी वाकडी होते, म्हणून चौथा माणूस मागं उभा राहून नुसता डोळ्यानं पाहतो, हे काम सगळ्यात बडबड्या दोस्ताला द्या. आणि दोस्त तर्री-पोहे खाऊन आले असतील तर आधी साबणानं हात धुवायला लावा, मस्करी नाही, तेलकट हात लागलेल्या जागी इपॉक्सी धरत नाही.

इपॉक्सीचं मात्र नीट ऐका. आमची पहिली होडी आम्ही एप्रिलात दुपारी दोनला चिकटवायला घेतली, प्लास्टिकच्या मगात अर्धा लिटर एकदम कालवलं, दोघं बोलत राहिले, तेवढ्यात तो मग गरम झाला, धूर निघाला आणि बूड वाकून सगळा माल फरशीवर. रेझिन आणि हार्डनर मिसळले की स्वतःच गरम होतात, भांड्यात गोळा करून ठेवलं तर आणखीच, आणि वरून आपलं ४४-४५ डिग्रीचं ऊन. म्हणून थोडं थोडंच कालवा, लगेच पसरट ट्रेमध्ये ओता, एकानं कालवायचं, दोघांनी लावायचं. माप काट्यावर, डब्यावर लिहिलंय तेवढंच. लवकर वाळावं म्हणून हार्डनर जास्त टाकलं तर ते चिकटच राहते, मग खरवडत बसा. आमचं मत विचाराल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. पावसाळ्यात करायचंच असेल तर इपॉक्सीचा दुसरा थर देण्याआधी पहिल्यावरची मेणचट साय पाण्यानं पुसून घ्या.

काठाला गडचिरोलीचं सागवान हवं असेल तर मिळेल, दिसते एक नंबर, फक्त ते तेलकट असते, चिकटवायच्या आधी ॲसिटोननं पुसा. इपॉक्सी उन्हात खराब होते, वरून वार्निश किंवा पेंट पाहिजेच.

अंबाझरी असो की रामटेकची खिंडसी, परवानगी विचारल्याशिवाय होडी पाण्यात टाकू नका, आणि पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट घालाच.

शेवटचं, होडी चार फूट रुंद आहे. एका गिऱ्हाइकानं पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये बनवली आणि मग बाल्कनीची ग्रिल कापून दोरानं खाली उतरवावी लागली, सहा दोस्त तेव्हा कामी आले. किट न्यायला याल तेव्हा दाराचं माप घेऊन या.