बाजारभावाशी जोडलेला घरगुती वीजदर

घाऊक बाजारात विजेचा भाव चढेल-उतरेल तसा घरच्या बिलातला युनिटचा दरही बदलत राहील, अशा पद्धतीला बाजारसंलग्न किंवा गतिमान वीजदर म्हणतात. महाराष्ट्रात घरगुती ग्राहकांना ती लागू नाही. तिचे सौम्य रूप, म्हणजे वेळेनुसार दर, मात्र मराठवाड्यातल्या मीटरपर्यंत पोचले आहे.

घाऊक भाव ठरतो वीज एक्स्चेंजवर, म्हणजे विजेच्या खरेदी-विक्रीच्या बाजारात. भारतातले पहिले एक्स्चेंज २००८ मध्ये सुरू झाले. उद्याच्या दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे पाडून त्यातल्या प्रत्येकासाठी आज बोली लागते. दुपारी सौरवीज भरपूर असते, भाव पडतो. दिवेलागणीला ती संपते आणि नेमके तेव्हाच घरोघरचे दिवे, पंखे, टीव्ही सुरू होतात. केंद्रीय वीज नियामक आयोगाने २०२३ मध्ये युनिटमागे १० रुपयांची कमाल मर्यादा घातली. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी भाव तिथपर्यंत जाऊन टेकतो.

लातूरच्या मोंढ्यात तूर-सोयाबीनचा भाव रोज वेगळा निघतो, तेव्हा बदलत्या भावाचे इथे कुणाला नवल नाही. पण भाव पडला तर तुरीची पोती थप्पी लावून ठेवता येतात आणि वाट पाहता येते. वीज साठवायची तर महागडी बॅटरी लागते, आणि विजेचा ग्राहक विकणारा नसून घेणारा असतो. त्याच्या हाती एकच उपाय उरतो: वापराची वेळ बदलणे.

परदेशात याचे बरेवाईट दोन्ही अनुभव आहेत. स्पेनने २०१४ पासून घरगुती नियमित दर ताशी बाजारभावाशी जोडला. हेलकावे फार होतात म्हणून २०२४ पासून त्यात वायदेभावाचा, म्हणजे पुढच्या काळासाठी आधीच ठरलेल्या भावाचा, अंश मिसळला. अमेरिकेच्या टेक्सास राज्यात फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात घाऊक भाव युनिटला ९ डॉलरवर गेला. थेट बाजारभावाचा करार केलेल्या घरांना काही दिवसांच्या वापराची हजारो डॉलरची बिले आली, आणि त्याच वर्षी तिथे असे घरगुती करार कायद्याने बंद झाले.

महावितरण बहुतेक वीज दीर्घ मुदतीच्या करारांतून घेते, एक्स्चेंजवरून गरजेपुरती. खरेदीचा खर्च अंदाजाबाहेर गेला की तो पुढच्या बिलांत ‘इंधन समायोजन आकार’ या ओळीत उतरतो. चढा भाव ग्राहक भरतोच. तो चढला होता हे त्याला वीज वापरून झाल्यावर कळते. भाव चढण्याची कारणे कधीकधी घराजवळचीच असतात. २०१५ मध्ये परळीच्या औष्णिक केंद्राला पाणी पुरवणारा खडका बंधारा आटला आणि ते केंद्र बंद ठेवावे लागले. अशी कमी पडलेली वीज दुसरीकडून, मिळेल त्या भावाने आणावी लागते.

केंद्राच्या २०२३ च्या नियमांनी शेती वगळून बाकी ग्राहकांना १ एप्रिल २०२५ पासून वेळेनुसार दर लावायचे ठरवले. महाराष्ट्रात जुलै २०२५ पासून, ज्यांच्याकडे टीओडी (वेळेनुसार वापर नोंदवणारे) मीटर बसले आहे अशा घरांना, सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांची सवलत जाहीर झाली. हा दर आधीच ठरलेला आहे, रोजच्या बाजाराशी त्याची गाठ नाही.

हिशेब करून पाहावा. मे महिन्यात दोनशे वॅटचा कुलर ९ ते ५ चालला तर १.६ युनिट जळतात. वाचतो जेमतेम सव्वा रुपया. अर्ध्या अश्वशक्तीची पाण्याची मोटार तासभर दुपारी लावली तर सुमारे ४० पैसे. आणि मोटार दुपारी लावणे तरी कुठे हातात आहे? छत्रपती संभाजीनगरात नळाला काही दिवसांआड पाणी येते. ते रात्री अकराला आले तर घरातले जागे राहतात आणि मोटार अकरालाच सुरू होते, दर काहीही असो. घाऊक भावाचा इशारा कितीही अचूक असला तरी अशा घरात तो ऐकणार कोण, हा या पद्धतीपुढचा खरा अडथळा आहे.

शेतीपंपांना हा हिशेब लागू नाही. तिथे पाळी चालते: एक आठवडा दिवसा लाईट, एक आठवडा रात्री. शेतात दिवसा वीज देणारी सौर वाहिनी पोचली नाही तोवर रात्रपाळीच्या आठवड्यात हातात टॉर्च घेऊन दारे धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जावेच लागते.