लय वाढली की नुसती दुगुन झाली?

"शेवटी ताल खूप फास्ट झाला आणि अंगावर काटा आला."

कुणी कॉन्सर्टला जाऊन आलं आणि त्यावर दोन पानं लिहायला बसलं की हे वाक्य येतंच येतं, फक्त शब्द जरा इकडेतिकडे. कुणाला कोर्ससाठी लिहायचं असतं, कुणाला हौस असते, आणि "जरा नजर टाक ना" म्हणून ती पानं माझ्याकडे येतात. काटा आला हे खरंच असणार, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण बाबांनो, ताल फास्ट होत नसतो. फास्ट होते ती लय. आणि खरी गंमत म्हणजे बरेचदा तीही झालेली नसते!

ताल तुम्हाला येतो असं धरून चालते, पटकन उरकू. ठरलेल्या मात्रा (मोजायचे ठोके), त्यांचे विभाग, कुठे टाळी, कुठे खाली (टाळी न देता हात नुसता उघडायचा), आणि आवर्तन, म्हणजे एक फेरी, संपलं की परत सम, म्हणजे पहिली मात्रा. तीनताल १६, झपताल १०, रूपक ७, दादरा ६. वॉल्ट्झचं तीन-तीन किंवा रॉक बँडचं चार-चार मोजणं हेही त्याच घरातलं. एकच गोष्ट सांगून पुढे जाते, ताल म्हणजे नुसता आकडाही नव्हे. धमार, दीपचंदी, झूमरा, आडा चौताल हे सगळे १४ मात्रांचे, पण एकाच्या जागी दुसरा लावून बघा, गाणारा मान वळवून तबल्याकडे बघेल. तर ताल हा साचा आहे, आणि साच्याला स्पीड नसतो.

स्पीड असतो लयीला. एका मात्रेपासून पुढच्या मात्रेपर्यंत किती वेळ जातो, ती लय. विलंबित, मध्य, द्रुत ही लयीची नावं आहेत, तालांची नाहीत. एकाने लिहिलं होतं, "पहिला ताल स्लो होता, नंतरचा ताल फास्ट होता." मी त्याच कार्यक्रमाला होते. दोन्ही वेळा एकताल होता! १२ मात्रा, साचा तोच, आधी विलंबित आणि मग द्रुत. हे कळायला उस्ताद असावं लागत नाही, बारा मोजता आले की झालं.

(आणि "रिदम मस्त होता" हे वाक्य माझ्यापुरतं बाद आहे. लय, ताल, ठेका, तबलजीचा हात, ड्रमरची स्टाइल, पाय हलावासा वाटणं, सगळं त्या एका पोत्यात कोंबलेलं असतं. यातलं नक्की काय मस्त होतं?)

इथपर्यंत सोपं आहे, कुणालाही एकदा सांगितलं की कळतं. खरा घोळ पुढे आहे आणि त्यात मी स्वतः सपशेल तोंडावर पडलेय, म्हणून सविस्तर लिहिते.

एका तबला सोलोनंतर मी वाजवणाऱ्या काकांना म्हणाले, "काका, शेवटी लय काय वाढवलीत तुम्ही!" काका हसले, म्हणाले, "लय? ठेव हात मांडीवर." मग त्यांनी तीनताल तोंडाने म्हणायला सुरुवात केली, धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, आणि मी प्रत्येक बोलाला मांडीवर एक थाप देत होते. म्हणाले, थापा सोडू नकोस, आहे तशाच चालू ठेव. आणि मग एका थापेत दोन दोन बोल सुरू केले, धाधिं धिंधा धाधिं धिंधा. माझा हात होता तिथेच, होता तसाच. "हात पळाला का तुझा?" नाही. "मग लय कशी वाढली?" मी गप्प. मग परत पहिल्यापासून सुरू केलं आणि या वेळी हळूहळू माझा हातच पळवायला लावला, एका थापेला एकच बोल, पण थापाच दुप्पट वेगाने. आणि तोंडातून येणारे बोल? तेवढेच भरभर, जेवढे मघाशी होते! डोळे मिटून नुसते बोल ऐकले असते तर दोन्हींत काडीचा फरक कळला नसता.

तर मुद्दा हा आहे. काकांनी आधी केली ती दुगुन, एका मात्रेत दोन बोल. दुगुनीत मात्रा जागेवर राहते आणि तिच्या पोटात बोल वाढतात. लय वाढते तेव्हा मात्रेचीच लांबी कमी होते. कानावर पडणारी गर्दी मात्र दोन्हीकडे सारखीच असते.

आकड्यांत बघा. मेट्रोनोम (टकटक करून लय दाखवणारं यंत्र) ६० ला लावलाय, म्हणजे सेकंदाला एक मात्रा. तीनतालाचं आवर्तन १६ सेकंदांचं. दुगुन केली की त्याच १६ सेकंदांत ३२ बोल येतात, अख्खा ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले बोल, दोनदा होतो, पण आवर्तन १६ सेकंदांचंच राहतं. लय खरोखर १२० ला नेली तर आवर्तनच ८ सेकंदांत संपतं. बोलांचा वेग दोन्हीकडे सेकंदाला दोन. म्हणून बोल मोजून काही हाती लागत नाही, जो माणूस गडबड करत नाहीये त्याच्याकडे कान द्यायचा. तबला सोलोत तो असतो लेहरा धरणारा. हार्मोनियमवर तीच एक ओळ तो न कंटाळता वाजवत बसलेला असतो आणि आपण सगळे तबल्याकडे बघत असतो. लेहरा मघासारखाच चाललाय? मग लय वाढलेली नाही, तबला दुगुनीत नाहीतर चौगुनीत गेलाय. लेहऱ्याची ओळच पळायला लागली? मग वाढली लय, खुशाल लिहा.

हेच उलट्या बाजूने बँडमध्ये होतं. गाणं जोरात चाललंय, चार-चारच्या मोजणीत दोन आणि चारवर स्नेअर (खणखणीत आवाजाचा ड्रम) पडतोय, आणि अचानक ड्रमर स्नेअर फक्त तीनवर मारायला लागतो. सगळ्या हॉलला वाटतं गाणं संथ झालं, माना सावकाश डोलायला लागतात, आणि लिहिताना लोक लिहितात "मध्ये टेंपो कमी केला". काही कमी केलेला नसतो! गायकाचे शब्द ऐका, ते आधीच्याच वेगाने येत असतात. ड्रमर लोक याला हाफ टाइम म्हणतात. इथे लेहऱ्याचं काम गायक करतो, एवढाच फरक.

अजून एक फसवणूक म्हणजे आवाज. आवाज मोठा होत गेला की आपल्याला गाणं पळतंय असं वाटतं. फ्रेंच संगीतकार रॅव्हेल यांचं 'बोलेरो' ऐका, १९२८ मध्ये पॅरिसला पहिल्यांदा सादर झालं. पंधराएक मिनिटांचं काम, स्नेअर ड्रम सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीच एक छोटी आकृती वाजवत राहतो आणि एकेक वाद्य येऊन त्यात मिळत जातं. शेवटाला छाती धडधडते आणि शप्पथ घेऊन सांगावंसं वाटतं की वेग वाढला. रॅव्हेल यांना लय एकसारखीच हवी होती, १९३० मध्ये ऑर्केस्ट्रा कंडक्टर तोस्कानिनी यांनी ते जास्त वेगात नेलं तेव्हा ते चांगलेच वैतागले होते. वाढायचा आहे तो आवाज आणि वाद्यांची गर्दी. इथे "लय चढत गेली" लिहिलंत तर त्या रचनेतली सगळी करामतच तुमच्या हातून निसटली.

आवाजावरून आठवलं, "वरच्या पट्टीत गायला" म्हणजे जोरात गायला नव्हे, उंच सुरात गायला. बोलण्यात आपण म्हणतो तसं, मान्य, पण कॉन्सर्टबद्दल लिहिताना नको. शाळेतल्या पुस्तकात नादाची उच्चनीचता वेगळी आणि लहानमोठेपणा वेगळा असं दिलेलं असतं, तेवढं पुरे.

आता मांडीवरच्या थापेची युक्ती सगळीकडे चालते का? नाही. अतिविलंबित ख्यालात ती साफ आपटते. तिथे एकतालाची एक मात्रा चारेक सेकंदांचीसुद्धा असते, म्हणजे एक आवर्तन पाऊण मिनिटाच्या आसपास. एवढ्या लांब मात्रेवर कुणाचा पाय पडत नाही, तबलजी मात्रेचे चार तुकडे करून भरत असतो आणि आपला पाय त्या तुकड्यांवर पडतो. मग वाटतं, काय एवढं विलंबित विलंबित करताय, चांगली मध्य लय आहे की! इथे मी पाय सोडून देते आणि 'तिरकिट' शोधते. एकतालात तो चौथ्या आणि दहाव्या मात्रेवर येतो, म्हणजे एका तिरकिटापासून पुढच्यापर्यंत सहा मात्रा. ते अंतर घड्याळात बघा, सहाने भागा, मिळाली मात्रा. समेचा अंदाजही येतो, दहाव्या मात्रेचा तिरकिट गेला की अजून दोन मात्रा आणि सम. पहिल्या दोन-तीन वेळा चुकाल, मीही चुकते, शेजारच्या आजोबांची मान कधी पडते ते बघून घ्यायचं.

सतारीवरचा 'झाला', म्हणजे शेवटचा वेगवान भाग, मात्र खरोखर अवघड. तिथे दोन्ही गोष्टी होतात. आधी त्याच लयीत चिकारीचे (सतारीच्या कडेच्या तारांचे) आघात वाढतात, मात्रा गच्च भरते, आणि मग लयही पुढे सरकवतात, परत आघात, परत लय. कुठे काय झालं हे सेकंदासकट सांगायची गरज नाही, पण "आधी आघात दाट झाले, तेव्हा ठेका तसाच होता, नंतर ठेकाही पळायला लागला" एवढं जरी लिहिलंत तरी वाचणाऱ्याला कळतं की हा माणूस तिथे नुसता बसला नव्हता, ऐकत होता. "वेग वाढतच गेला" यात काही कळत नाही. आणि ठेका पळाला की नाही तेच कळलं नसेल तर "आघात दाट झाले" इथे थांबा, पुढचं वाक्य पाडू नका.

आणि लय वाढल्याचा पुरावा म्हणून लोकांच्या टाळ्या तर अजिबात देऊ नका. "सगळा हॉल टाळ्या वाजवत होता आणि टाळ्यांचा वेग वाढत गेला", अहो तो वाढतोच! पब्लिक टाळ्यांत बरेचदा पुढे पळतं. तेव्हा स्टेजकडे बघा, गायक हाताने "सावकाश, सावकाश" करत असतो आणि ड्रमर दातओठ खात आपली लय धरून बसलेला असतो.