उडालेलं बायोस आणि आठ पायांची चिप

पंखे फिरतात, दिवे लागतात, पण डिस्प्ले काही येत नाही. बायोस, म्हणजे संगणक सुरू करणारा पहिला प्रोग्राम, अपडेट करताना मध्येच वीज गेली किंवा भलत्याच मॉडेलची फाइल टाकली गेली, की संगणकाची अशी गत होते. ‘बोर्ड गेला’ असं सांगून पुष्कळदा नवा मदरबोर्ड ग्राहकाच्या गळ्यात मारला जातो. हे मला अजिबात पटत नाही. अशा बोर्डावर जळालेलं काहीच नसतं. बायोस साठवणाऱ्या एका चिपमधला मजकूर तेवढा बिघडलेला असतो, आणि मजकूर पुन्हा लिहिता येतो.

ती चिप जेमतेम ५ मिलिमीटरची, आठ पायांची. विनबाँड कंपनीची डब्ल्यू२५क्यू१२८ ही तिची एक नेहमी भेटणारी जात. क्षमता १२८ मेगाबिट, म्हणजे १६ मेगाबाइट. वीज मिळाल्यावर प्रोसेसर जागा होतो तेव्हा रॅम वापरण्याजोगी नसते आणि हार्ड डिस्कची त्याला गंधवार्ताही नसते. इंटेलच्या घराण्यातला प्रोसेसर अशा वेळी डोळे मिटून एकाच ठरलेल्या पत्त्यावर जातो: ४ जीबीच्या हद्दीच्या १६ बाइट अलीकडे. तिथे त्याला या चिपमधला कोड मिळतो. एएमडीच्या अलीकडच्या प्रोसेसरमध्ये आधी एक छोटा सुरक्षा-प्रोसेसर जागा होतो, पण तोही वाचतो याच चिपमधून. तिथे धड हुकूम नसला की पुढचं सगळं ठप्प.

अपडेट इतकं नाजूक का, याचं उत्तर या चिपमधल्या फ्लॅश मेमरीच्या स्वभावात आहे. तिच्यात लिहिणं म्हणजे १ चा ० करणं. उलट, म्हणजे ० चा १, एकेका बिटापुरता करता येत नाही. किमान ४ किलोबाइटचा आख्खा तुकडा पुसावा लागतो. पुसला की त्यातली प्रत्येक बाइट ‘एफएफ’ होते, म्हणजे तिचे सगळे बिट १. म्हणजे नवं लिहिण्याआधी जुनं नष्ट करण्यावाचून गत्यंतर नाही. त्या मधल्या वेळात वीज गेली तर चिपमध्ये थोडं नवं, थोडं जुनं आणि मध्ये नुसते एफएफ उरतात. मात्र हे लिहिण्याचं काम करणारा प्रोग्राम त्या वेळी रॅममधून चालत असतो. म्हणून अपडेट फसल्याचा संदेश पडद्यावर आला आणि मशीन अजून चालू असेल, तर ते बंद करू नका, रीस्टार्टही करू नका. तिथूनच योग्य फाइल पुन्हा लिहून पाहा. सगळ्यात स्वस्त सुटका हीच, आणि घाबरून बटण दाबल्यामुळे लोक नेमकी तीच गमावतात.

हा मजकूर मुद्दाम पुसणारा व्हायरसही होऊन गेला. तैवानमधल्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने १९९८ मध्ये लिहिलेला सीआयएच. २६ एप्रिल १९९९ रोजी तो जगभर एकदम जागा झाला. चेर्नोबिल दुर्घटनेचीही तारीख तीच, म्हणून लोक त्याला चेर्नोबिल म्हणू लागले. डिस्कची सुरुवात तर तो पुसायचाच, शिवाय जमेल त्या बोर्डांवर बायोसमध्ये कचरा लिहायचा. मग चिप बदलणं किंवा बाहेर काढून पुन्हा लिहिणं आलं.

त्या काळच्या अनेक बोर्डांत ‘बूट ब्लॉक’ नावाचा छोटा भाग असे, आणि नेहमीच्या अपडेटमध्ये त्याला हात लागत नसे. बाकीचं बायोस उडालं तरी हा भाग फ्लॉपी वाचून नवं बायोस चढवू शकायचा. पण तो चालवायला मुख्य प्रोसेसरच लागे, आणि तो भागही त्याच चिपमध्ये. पुढे गिगाबाइट या मदरबोर्ड कंपनीने बोर्डावर दुसरी चिप राखीव ठेवायला सुरुवात केली.

माझ्या मते खरी अक्कल त्यानंतरच्या उपायात आहे. असूसचं ‘बायोस फ्लॅशबॅक’, एमएसआयचं ‘फ्लॅश बायोस’ बटण, गिगाबाइटचं ‘क्यू-फ्लॅश प्लस’ यांत लिहिण्याचं काम बोर्डावरचा एक स्वतंत्र छोटा कंट्रोलर करतो. प्रोसेसर नको, रॅम नको. पॉवर सप्लाय जोडला की झालं. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करायचा, फाइलला कंपनीने सांगितलेलं नाव द्यायचं (एमएसआयला एमएसआय.रॉम, गिगाबाइटला गिगाबाइट.बिन), नेमून दिलेल्या यूएसबी पोर्टात तो घालायचा आणि बटण दाबायचं. दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत काही मिनिटं कशालाही हात लावायचा नाही. फाइलचं नाव एका अक्षराने चुकलं तरी कंट्रोलर तिला ओळखत नाही. ‘बटण चालत नाही’ अशी तक्रार असते तेव्हा आधी हेच पाहावं. २०१८ मध्ये एएमडीचे नवे रायझन प्रोसेसर जुन्या बायोसच्या बोर्डांवर सुरूच होईनात, तेव्हा कंपनीला ग्राहकांना अपडेटपुरता जुना प्रोसेसर उसना पाठवावा लागला होता. ज्यांच्या बोर्डाला हे बटण होतं त्यांना त्याची गरज पडली नाही. नवा बोर्ड घेताना रंगीत दिव्यांआधी हे बटण बघा.

बटण नसेल तर बाहेरचा प्रोग्रामर, म्हणजे चिपमध्ये मजकूर लिहिणारं यंत्र. सीएच३४१ए या चिपवर चालणारं छोटं यूएसबी यंत्र आणि आठ दातांची क्लिप, एवढ्यावर काम भागतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत या वस्तूंसाठी फार शोधाशोध करावी लागत नाही. पॉवरची केबल काढा, सीमॉसचा सेल (बोर्डावरची नाण्यासारखी बॅटरी) काढा. चिपवरचा ठिपका म्हणजे पाय क्रमांक १. क्लिप चिपवर बसवताना तिची लाल तार त्या बाजूला. आधी चिपवरचा नंबर वाचून व्होल्टेज पाहा. बहुतेक चिपा ३.३ व्होल्टच्या असतात, पण काही १.८ व्होल्टच्या निघतात आणि त्या ३.३ ला मरू शकतात. या यंत्राच्या काळ्या रंगाच्या स्वस्त आवृत्तीत तर डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात, हा तिचा सर्वज्ञात दोष. ती दुरुस्त करून घ्या किंवा दुसरी घ्या.

मग फ्लॅशरॉमसारख्या प्रोग्रामने चिपची ओळख विचारायची. डब्ल्यू२५क्यू१२८ असेल तर सहसा ‘ईएफ ४० १८’ असं उत्तर येतं. नुसते एफएफ किंवा नुसती शून्यं आली तर बहुधा क्लिप नीट बसलेली नाही. लिहायची घाई करू नका. आधी चिप दोनदा वाचा आणि दोन्ही फाइली बाइटन् बाइट जुळतात का ते पाहा. त्या जुळत नसतील तर क्लिपमधून जाणारी वीज बोर्डाचे इतर भाग खात असण्याची शक्यता असते, आणि मग हॉट एअरने, म्हणजे गरम हवेने डाख वितळवून, चिप उचलूनच काम करावं लागतं. बिघडलेल्या मजकुराची प्रत ठेवायची कारण त्यातच तुमच्या बोर्डाचा सीरियल नंबर, नेटवर्कचा मॅक पत्ता, लॅपटॉप असेल तर विंडोजची कीसुद्धा असू शकते. कंपनीच्या फाइलमध्ये यातलं काहीच नसतं. शिवाय १६ मेगाबाइटच्या चिपसाठीची फाइल थोडी मोठी दिसली तर तिला सुरुवातीला वेष्टण जोडलेलं असू शकतं. ते न काढता लिहिलं तर सगळा मजकूर पुढे सरकतो आणि बोर्ड तसाच मुका राहतो.

लिहून, पुन्हा वाचून, पडताळून झालं की सेल बसवा आणि सुरू करा. पहिल्यांदा पडदा उशिरा उजळतो, कारण रॅमची जुळवाजुळव नव्याने होत असते. डीडीआर५ या प्रकारची रॅम असेल तर काही मिनिटंही लागतात. तेवढा वेळ वीज तोडू नका. नंतर विंडोज बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या सोयीची) ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं, कारण बायोस बदलल्याचं त्याला कळतं. ती की अपडेटला हात घालण्याआधीच कागदावर उतरवून ठेवलेली बरी.