दार लावणं आणि गल्ली वाळीत टाकणं

शिवाजी पेठेतला माझा एक मित्र मॅस्टडॉन या सोशल मीडियावर कोल्हापूरच्या फुटबॉलबद्दल लिहितो. शाहू स्टेडियमवरची मॅच संपली की त्याच रात्री त्याचं टिपण वाचायला मिळतं. मागच्या हंगामात एका सकाळी त्याचा फोन आला. तो ज्यांना फॉलो करायचा, त्यांतली तीसेक माणसं यादीतून नाहीशी झाली होती. पुन्हा फॉलो करायला गेला तर विनंती नुसती लटकून राहायची. "भावा, माझं काय चुकलं? एवढ्या लोकांनी एकदम ब्लॉक केलं!" दोन दिवस तो स्वतःच्या जुन्या पोस्ट चाळत होता, कुणाला काय लागलं असेल ते शोधत.

खरं तर त्या तिसांपैकी एकानंही त्याला ब्लॉक केलं नव्हतं. ती सगळी माणसं एका सर्व्हरवर, म्हणजे मॅस्टडॉनच्या एका स्वतंत्र गल्लीत, होती आणि त्या सर्व्हरच्या चालकानं माझ्या मित्राच्या अख्ख्या सर्व्हरशीच संबंध तोडला होता. दोन्हीला आपण 'ब्लॉक' म्हणतो, म्हणून हा घोळ होतो.

मॅस्टडॉन हे फेसबुकसारखं एका कंपनीचं घर नाही. 2016 मध्ये जर्मनीतल्या ऑयगन रॉख्को यांनी ते सुरू केलं. त्यात हजारो सर्व्हर आहेत, प्रत्येकाचा चालक वेगळा, नियम वेगळे, आणि 'ॲक्टिव्हिटीपब' नावाच्या सामाईक भाषेत ते एकमेकांशी बोलतात. 2019 च्या अखेरीस ट्विटरनं वकील संजय हेगडे यांचं खातं बंद केलं, तेव्हा आपल्याकडचे बरेच लोक पहिल्यांदा तिकडे गेले. माझा मित्रही त्यातलाच. सर्व्हर कुणाचा, तिथले नियम काय, हे काही न बघता समोर दिसला त्यावर त्यानं खातं काढलं.

माणसानं माणसाला केलेला ब्लॉक म्हणजे आपल्या घराचं दार लावणं. मी तुला ब्लॉक केलं की आपलं एकमेकांना फॉलो करणं तुटतं आणि तुझं लिहिणं मला दिसेनासं होतं. त्याचं कारण मी कुणाला सांगायला बांधील नाही. रात्री दोन वाजता घाणेरडे मेसेज पाठवणाऱ्याला बंद करणाऱ्या बाईकडे पुरावा मागणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. तिचं दार, तिची कडी.

सर्व्हरनं सर्व्हरला तोडणं, ज्याला तिथं 'डिफेडरेशन' म्हणतात, हे वेगळं प्रकरण आहे. इथं निर्णय एक माणूस घेतो आणि नाती तुटतात शेकडो लोकांची. चालकाच्या हातात दोन पायऱ्या असतात. 'लिमिट' केलं तर त्या सर्व्हरवरचं लिखाण सार्वजनिक यादीत दिसत नाही, पण जे आधीपासून फॉलो करतात त्यांचं नातं टिकतं. 'सस्पेंड' केलं तर दोन्हीकडची सगळी फॉलो तुटतात, आणि उद्या चालकानं निर्णय मागे घेतला तरी ती आपोआप जुळत नाहीत. मॅस्टडॉनच्या 4.3 आवृत्तीपासून तोडणाऱ्या सर्व्हरवरच्या सदस्यांना निदान सूचना येते, तुटलेल्या नात्यांची यादीही उतरवून घेता येते. पलीकडच्याला मात्र काहीच कळत नाही. माझ्या मित्राची बाजू पलीकडची होती.

म्हणून सर्व्हर तोडूच नये, असं मी म्हणणार नाही. 2019 च्या जुलैत 'गॅब' हे द्वेषाच्या मजकुरासाठी कुप्रसिद्ध असलेलं व्यासपीठ मॅस्टडॉनचाच कोड घेऊन या जाळ्यात शिरलं, तेव्हा पुष्कळ सर्व्हरांनी त्याला दारातच अडवलं. योग्य केलं. बहुतेक चालक नोकरी सांभाळून, पदरमोड करून हे काम करतात. एखाद्या सर्व्हरचा चालकच त्रास देणाऱ्यांना पाठीशी घालत असेल, तर तिथली शंभर खाती एकेक करून कोण बंद करत बसणार?

माझी तक्रार त्यापुढच्या पायरीबद्दल आहे. समजा अ, ब, क असे तीन सर्व्हर आहेत. क सर्व्हर वाईट, म्हणून अ नं त्याला तोडलं. ब नं तोडलं नाही, म्हणून अ नं ब लाही तोडलं. 2023 मध्ये फेसबुकवाल्या मेटा कंपनीचं 'थ्रेड्स' हे ॲप या जाळ्याला जोडलं जाणार अशी चर्चा सुरू झाली, तेव्हा बऱ्याच चालकांनी ते येण्याआधीच तोडण्याची शपथ घेतली. तो त्यांचा अधिकार. पण 'जो थ्रेड्सला तोडणार नाही त्यालाही तोडू' अशी भाषा काहींनी सुरू केली, तिथं दार लावणं संपलं. यामागे एक खरी भीती आहे, ती सांगायला हवी. माझी पोस्ट ब वरच्या कुणी पुढे ढकलली की ती क पर्यंत पोचू शकते. पण त्यावर 'ऑथराइज्ड फेच' नावाची सोय आहे. ती चालू केली की पोस्ट मागणाऱ्या सर्व्हरला आधी ओळख पटवावी लागते आणि तोडलेल्या सर्व्हरला ती मिळत नाही. लॉगिन न करता वेबवर वाचणाऱ्याला ती थांबवत नाही, हे खरं. पण म्हणून मधल्या निरपराध माणसांना तोडावं, हे मला पटत नाही.

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असं आपण म्हणतो. बैलांचं असेल तसं. माझा मित्र ज्या सर्व्हरवर होता तिथले दोघे-तिघे दुसऱ्यांना छळत होते, हे त्याला माहीतही नव्हतं.

आपल्याकडे जातपंचायती माणसं वाळीत टाकायच्या, तेव्हा त्या घराशी बोलणाऱ्यालाही दंड व्हायचा. बहिष्काराचा खरा जोर त्या दुसऱ्या कडीतच असायचा. महाराष्ट्रानं 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, 2017 मध्ये तो लागू झाला. त्यात 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. सर्व्हर तोडणं म्हणजे जातीचा बहिष्कार, असं मी मुळीच म्हणत नाही. जात जन्मानं चिकटते, सर्व्हर एका दुपारी बदलता येतो. पण 'त्याच्याशी बोलतोस म्हणून तूही बाहेर' ही कडी दोन्हीकडे सारखीच आहे. आणि ती कशी तोडायची हे याच कोल्हापुरात एका राजानं दाखवलंय. गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात अस्पृश्याच्या हातचा चहा म्हणून लोक जाईनात, तेव्हा शाहू महाराज स्वतः तिथं थांबून चहा प्यायचे, बरोबरच्यांनाही प्यायला लावायचे. संगतीचा डाग लागत असेल, तर संगतीनं तो पुसताही येतो.

एक सोय बहुतेकांना माहीत नसते. मॅस्टडॉनवर सदस्यालाही एखादा अख्खा सर्व्हर फक्त स्वतःपुरता बंद करता येतो. चालकांनी सस्पेंडकडे धाव घेण्याआधी ही वाट सदस्यांना सांगावी आणि लिमिट करून पाहावं, एवढी माझी मागणी आहे.

माझ्या मित्रानं शेवटी सर्व्हर बदलला. बाकीचे फॉलोअर आपोआप सोबत आले, जुन्या पोस्ट आल्या नाहीत, आणि तुटलेले तीस जण तर नाहीतच. आठवड्यानं पुण्याच्या एका बाईंनी त्याला नव्या पत्त्यावर शोधून काढलं. त्यांच्याकडे तुटलेल्या नात्यांची ती यादी होती, आणि त्या एकेक नाव हुडकत होत्या. पहिल्याच मेसेजमध्ये त्यांनी विचारलं, परवाची मॅच कोण जिंकलं?