शैवालांमधील रंगद्रव्ये आणि आतड्यांतील जीवाणू

प्रकाश टिपण्यासाठी आणि जास्तीच्या उन्हापासून बचावासाठी शैवाले जी रंगद्रव्ये तयार करतात, त्यांचे माणसाच्या पोटात काय होते, हा पोषणशास्त्रातला तुलनेने नवा विषय आहे. या रंगद्रव्यांचे मुख्य गट तीन: हरितद्रव्ये, कॅरोटिनॉइडे आणि फायकोबिलिप्रथिने. पहिले दोन मेदात विरघळतात, तिसरा पाण्यात. पोटातला त्यांचा पुढचा प्रवास बऱ्याच अंशी यावरूनच ठरतो.

सर्वांत जास्त काम झाले आहे ते फ्युकोझँथिन या तपकिरी शैवालांतल्या कॅरोटिनॉइडवर. पाऊस सरल्यावर गोव्यातल्या हणजूण, वागातोरच्या खडकांवर ओहोटीला मिरीएवढ्या हवेच्या फुग्यांचे सरगॅसम उघडे पडते. त्याचा तपकिरी रंग याच द्रव्याचा. मूठभर सरगॅसम उकळत्या पाण्यात बुडवले की ते बघता बघता हिरवे होते. उष्णतेने फ्युकोझँथिनची प्रथिनाशी असलेली बांधणी मोडते आणि खाली दडलेले हरितद्रव्य दिसू लागते. आतड्यात या द्रव्याचा एक तुकडा विकरे छाटतात व फ्युकोझँथिनॉल बनते. यकृतात त्याचेही रूप पालटते. म्हणजे आपण खातो ते द्रव्य एक आणि रक्तात फिरते ते दुसरेच. जपानमधील होक्काइदो विद्यापीठातील संशोधकांनी २००५ साली दाखवले की, फ्युकोझँथिन खाल्लेल्या उंदरांच्या पांढऱ्या मेदातही ‘यूसीपी-१’ हे प्रथिन तयार होते. हे प्रथिन एरवी तपकिरी मेदात असते आणि ऊर्जा साठू न देता उष्णतेच्या रूपाने खर्च करते. वजन घटवणाऱ्या गोळ्यांच्या जाहिराती बहुतेक याच निष्कर्षाच्या जोरावर चालतात. माणसाच्या रक्तात मात्र फ्युकोझँथिनॉल अत्यल्प उतरते, ही बाब त्या जाहिरातींत नसते.

शोषले न गेलेले रंगद्रव्य मोठ्या आतड्यात पोचते आणि तिथे जीवाणूंशी त्याची गाठ पडते. मेदयुक्त आहारावर ठेवलेल्या उंदरांना फ्युकोझँथिन दिल्यावर जीवाणूंच्या गटांचे प्रमाण बदलल्याचे अनेक प्रयोगांत आढळले आहे; कोणता गट वाढला आणि कोणता घटला, हे मात्र प्रयोगागणिक वेगळे. जीवाणू बदलले म्हणून वजन घटले, की वजन घटले म्हणून जीवाणू बदलले, हेही अशा प्रयोगांतून सहसा सुटत नाही. शिवाय अख्खे शैवाल खाऊ घातले असेल तर सगळे श्रेय रंगाला देणे चुकीचे ठरते. जीवाणू ज्यापासून ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट ही लघुशृंखल मेदाम्ले बनवतात, तो मुख्य कच्चा माल म्हणजे शैवालातले तंतू. या तंतूंशी जुळवून घेण्याची जीवाणूंची क्षमता विलक्षण आहे. नोरी शैवालातली पॉर्फिरॅन ही शर्करा पचवणारी जनुके समुद्री जीवाणूंकडून जपानी माणसांच्या आतड्यांतल्या जीवाणूंत आली आहेत, हे २०१० साली उघड झाले.

फायकोसायनिन हे स्पिरुलिनातले निळे द्रव्य. स्पिरुलिना खरे तर नीलहरित जीवाणू आहे, पण व्यवहारात शैवालच म्हटले जाते. फायकोसायनिनमधला प्रथिनाचा भाग जठरात पचू लागतो. उरलेल्या रंगकणाची रचना पित्तातल्या बिलिव्हर्डिनशी बरीच मिळतीजुळती असल्याने त्याच्या दाहशामक गुणांचा अभ्यास चालू आहे. हरितद्रव्याची गोष्ट थोडक्यात आटोपते: जठराम्लात त्यातले मॅग्नेशियम निघून जाते आणि मळकट हिरवे फिओफायटिन उरते.

गोव्याच्या रोजच्या जेवणात शैवालाला पान नाही. ही रंगद्रव्ये इथे मासळीवाटे येतात. सुंगटे (कोळंबी) शिजताना लाल होतात ती ॲस्टाझँथिन या कॅरोटिनॉइडमुळे, आणि या रंगाचे मूळ सूक्ष्म शैवालांत असते. हा रंग मुख्यतः कवचात असल्यामुळे सोललेल्या सुंगटांच्या हुमणापेक्षा (कालवणापेक्षा) सुक्या सुंगटांची किसमूर ही कोशिंबीर या बाबतीत उजवी ठरावी. तिच्यात बारीक सुंगटे पातळ कवचासकट खाल्ली जातात आणि ओल्या खोबऱ्याचा मेद कॅरोटिनॉइडांच्या शोषणाला हातभार लावतो.

मिठागरांत पाणी आटून खारेपणा वाढला की गुलाबी झाक येते, तिच्यामागे दोन जीव असतात: ड्युनालिएला हे शैवाल आणि मीठप्रेमी आर्किया, म्हणजे जीवाणूंसारखे दिसणारे पण वेगळ्या कुळातले सूक्ष्मजीव. रायबंदरच्या मिठागरांतल्या आर्कियांवर गोवा विद्यापीठात संशोधन झाले आहे. ड्युनालिएलातल्या बीटा-कॅरोटीनचे लहान आतड्याच्या अस्तरातले विकर दोन तुकडे करते, आणि त्यातून अ जीवनसत्त्व मिळते. शरीरात या जीवनसत्त्वाचा पुरेसा साठा असला की हे विकर मंदावते. तरीही गोळ्यांतून येणारे बीटा-कॅरोटीन निर्धोक नाही. फिनलंडमधल्या २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या चाचणीत रोज २० मिलिग्रॅम घेणाऱ्यांमध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी जास्त निघाले. हा निष्कर्ष १९९४ सालचा. दोन वर्षांनी अमेरिकेतली तशीच एक चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. दोन्हींतले बीटा-कॅरोटीन कृत्रिम होते.