थेंबातून निघालेले गटार

मराठीत ‘गटार’ म्हटले की तुंबलेले सांडपाणी आणि दुर्गंधी एवढेच डोळ्यांसमोर येते. परंतु ज्या इंग्रजी ‘गटर’वरून हा शब्द आपल्याकडे रुळला, त्याच्या मुळाशी स्वच्छ पाण्याचा एक थेंब आहे. लॅटिनमध्ये थेंबाला ‘गुट्टा’ म्हणत. त्यावरून फ्रेंचमध्ये थेंबासाठी ‘गूत’ आणि थेंब वाहून नेणाऱ्या पन्हळीसाठी ‘गूतिएर’ असे शब्द झाले. १०६६ मध्ये फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच शब्दांचा जो ओघ इंग्रजीत सुरू झाला, त्यातूनच तेराव्या शतकाच्या अखेरीस ‘गटर’ तेथे पोहोचला. रस्त्याकडेची नाली आणि छपराखालची पन्हळ हे त्याचे जुने अर्थ आहेत. हलक्या, अश्लील गोष्टींसाठी तो वापरला जाऊ लागला तो एकोणिसाव्या शतकात.

थेंबाचे हे कुळ मोठे आहे. शरीरातील दूषित द्रव सांध्यांत थेंबथेंब झिरपतो, या मध्ययुगीन समजुतीवरून ‘गाउट’ या सांधेदुखीला तिचे नाव मिळाले; प्रत्यक्षात तेथे युरिक आम्लाचे स्फटिक साचतात, हे पुढे कळले. पहाटे गवताच्या पात्याच्या टोकाशी दिसणारा टपोरा थेंब आपण दवाचा समजतो, पण पुष्कळदा तो मुळांतील दाबाने आतूनच बाहेर ढकललेला रस असतो. या क्रियेचे ‘गटेशन’ हे नावही ‘गुट्टा’पासूनच आले आहे.

मला मात्र या शब्दाचा सर्वांत अर्थपूर्ण वापर मेणबत्तीच्या संदर्भात वाटतो. मेणबत्तीच्या एका बाजूने मेण वाहू लागले की ती ‘गटर’ होते, असे इंग्रजीत म्हणतात. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी १८४८ मध्ये आणि पुन्हा १८६०-६१ च्या हिवाळ्यात मुलांसाठी मेणबत्तीवर व्याख्याने दिली, तेव्हा या दोषाकडेही त्यांनी बारकाईने लक्ष वेधले होते. ज्योतीमुळे तापलेली हवा वर जाते, तिच्या जागी भोवतालची थंड हवा मेणबत्तीच्या अंगालगत वर ओढली जाते, आणि या हवेमुळे कडेचे मेण घट्ट राहून मधोमध वितळलेल्या मेणाची वाटी तयार होते. वाऱ्याच्या झुळकीने ज्योत एका बाजूला कलली की त्या बाजूचा काठ वितळतो, वाटी फुटते, आणि बाहेर पडणारे गरम मेण ती फट आणखी रुंद करत जाते. खाली उतरताना तेच मेण थिजून जाड धार बनते, आणि पुढे मेणबत्ती खचत गेली तरी ही धार तिच्याशेजारी खांबासारखी उभी राहते, कारण बाहेर आलेल्या त्या भागाला हवा जास्त लागते आणि तो थंड राहतो.

मेणबत्तीत ओघळणारे मेण आपली वाट घडवते; छज्ज्यावर याच्या उलट घडते. तेथे वाट थेंब घडवते. पावसाचे पाणी छज्ज्याच्या काठावरून सरळ खाली पडत नाही. पृष्ठभागाला चिकटून ते खालच्या बाजूने आत, भिंतीपर्यंत सरकते आणि ओल येते. म्हणून जाणता गवंडी काठापासून थोडी आत, खालच्या अंगाला बोटभर रुंदीची खाच ठेवतो. त्या खाचेत वर चढणे पाण्याला जमत नाही, ते तिच्या कडेशी साचते, जड होते आणि तेथूनच टपटप गळते.

थेंब आणि वाट यांना एकत्र बांधणारा शब्द मराठीतही आहे, आणि तो ‘गटार’ नव्हे, ‘ओघळ’ आहे. गालावरून उतरणारे पाणी तो ओघळ, मेणबत्तीवरून उतरणारे मेण तोही ओघळ, आणि पावसाने उतारावरच्या शेतात कोरलेली लहान चरही ओघळच. या चरीचे वागणे मेणबत्तीच्या फटीसारखे असते. जमिनीत किंचित खोलगट जागा असली की तेथे जास्त पाणी जमते, जास्त पाणी अधिक वेगाने वाहते आणि अधिक माती कापते, त्यामुळे जागा आणखी खोल होऊन आजूबाजूचे पाणीही तिकडेच वळते. असा ओघळ वाढत वाढत त्याची घळ होते आणि मग तेथे नांगर फिरवता येत नाही. मृदसंधारणात ओघळाच्या माथ्यापासूनच अनघड दगडांचे छोटे बांध घालत खाली येतात ते याचसाठी. माथ्याशी पाणी थोडे असते, वेगही कमी असतो, आणि तेथे हाताने रचलेले दगड त्याला अडवू शकतात.