लाल केमोआधीचा इको

डिचोली-पेडण्याकडच्या बायका जिला 'लाल केमो' म्हणतात, ती बहुधा डॉक्सोरुबिसिन असते. हे औषध मातीतल्या जिवाणूपासून इटलीत तयार झालं. एड्रियाटिक समुद्रावरून त्याला एड्रियामायसिन हे नाव पडलं. स्तनाच्या कॅन्सरवर ते आजही भरवशाचं आहे, पण हृदयाच्या स्नायूला ते मानवत नाही.

डीएनएचे पीळ सोडवणारं टोपोआयसोमरेज नावाचं एन्झाइम हे औषध जखडून टाकतं, म्हणून कॅन्सरची पेशी मरते. त्याच एन्झाइमचा भाऊबंद हृदयाच्या पेशीतही असतो. तिथेही डीएनए तुटतो आणि पेशीला ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया दुबळे होतात. हृदयाची मेलेली पेशी सहसा भरून निघत नाही.

सगळा खेळ एकूण डोसचा आहे. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे बेरीज ४०० मिलिग्रॅमवर गेली की सुमारे ५ टक्के रुग्णांचं हृदय निकामी होऊ लागतं. ५५० वर हेच प्रमाण २६ टक्क्यांच्या घरात जातं. नेहमीच्या चार सायकलींची, म्हणजे केमोच्या चार फेऱ्यांची, बेरीज मात्र २४० होते. तेव्हा हे वाचून कुणी केमो टाळू नये.

हर-टू पॉझिटिव्ह, म्हणजे हर-टू नावाचं प्रथिन जास्त असलेल्या, गाठीसाठी दिलं जाणारं ट्रास्टुझुमॅब वेगळ्या वाटेने त्रास देतं. हृदयाची पेशी स्वतःच्या डागडुजीसाठी जो हर-टू वापरते, तोच ते अडवतं. औषध थांबवलं की हृदय बहुतेक वेळा सावरतं. म्हणूनच ते चालू असताना साधारण दर तीन महिन्यांनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतात.

इकोत बघायचा आकडा म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन: डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर पडतं. तो दहाने घसरून पन्नासच्या खाली आला, तर डॉक्टर सावध होतात. पण घसरला हे कळायला आधीचा आकडा हवा ना! म्हणून पहिल्या सलाईनआधीचा इको मला सगळ्यांत मोलाचा वाटतो.

२०२१ पासून 'स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा' मोहिमेमुळे स्तनाच्या तपासणीबद्दल लोक बोलू लागले, हे चांगलंच. हृदयाचा विषय मात्र घरात कुणी काढत नाही. चवथीच्या कामात धाप लागली तर 'केमोचा थकवा' म्हणून सोडून देतात. पाय सुजणं, आडवं पडल्यावर श्वास कोंडणं हा नुसता थकवा नव्हे. वेळेत औषधं सुरू झाली तर पुष्कळ जणींचं हृदय सुधारतं.

हा त्रास कधी कधी बऱ्याच वर्षांनीही डोकं वर काढतो. पुढे गुडघ्याच्या ऑपरेशनला गेलात, तरी भूल देणाऱ्या डॉक्टरांना एकूण डोस लिहिलेली जुनी फाईल दाखवा.